आईचा ठिपका

माझ्या वर्गात एक वाक्य बोलायला बंदी आहे. 'एक्स एकाने वाढला की वाय इतक्याने वाढतो.' डहाणूच्या कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि दरवर्षी ठिपक्यांच्या गर्दीतून जाणारी रिग्रेशनची रेषा शिकवायची वेळ आली, की हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निसटतंच. पुस्तकात ते असंच छापलेलं आहे, परीक्षेत त्याला गुणही मिळतात. त्यामुळे मी खडू खाली ठेवून डोळे वटारले, की मॅडमचं आज घरी काहीतरी बिनसलंय, अशा नजरेने मुलं एकमेकांकडे पाहतात. पाहू देत. मी त्यांच्याकडून लांबलचक वाक्य वदवून घेते: ज्यांचा एक्स एकाने जास्त असतो, त्यांचा वाय सरासरी इतक्याने जास्त आढळतो. मग पहिल्या बाकावरची हुशार मुलगी म्हणते, मॅडम, तेच तर झालं. तेच होत नाही, बाई. ते का होत नाही, हे मला पुस्तकातून कळलं नाही, आमच्या घरात कळलं.

आमचं घर तलासरीकडच्या एका पाड्यावर. कुडाच्या भिंती, पुढे आंब्याचं झाड, मागे भाताचं एवढंसं खाचर. घरात आई, बाबा, मी आणि माझ्याहून चार-पाच वर्षांनी धाकटी बहीण. आई फार ठेंगणी. घरातली मांडणी, शिंकं, विळा अडकवायची खुंटी, सगळं तिच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर होतं. पाहुणा पहिल्यांदा घरात शिरला, की कशाला ना कशाला कपाळ आपटून घ्यायचा. बाबा त्याला हसत हसत म्हणायचे, वाकून चाला, हे आमच्या मालकिणीच्या मापाचं घर आहे. आईला त्याचं वाईट वाटत नसे. निदान मला तसं वाटत होतं.

लेकींच्या वाढीबाबत मात्र ती भलती हळवी होती. झोपलेल्या पोराला कोणी ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, असं आमच्याकडे मानतात. उपाय एकच, ज्याने ओलांडलं त्याने उलट पावली परत ओलांडायचं. धाकटी उंबऱ्याजवळच आडवी पसरून झोपायची, आणि पहाटे विहिरीवर जायच्या घाईत माझा पाय तिच्यावरून गेला, की आई हंडा खाली ठेवायला लावून मला परत फिरवायची. एकदा तर तालुक्याहून आलेल्या मोठ्या मामालाही तिने असंच परत ओलांडायला लावलं होतं. तो बिचारा दारातून निघाला होता, जीप सुटत होती, पण आईपुढे कोणाचं चालणार! पोरीचं माप घेणंही तिला चालत नसे. मोजलं की नजर लागते, वाढ थबकते. त्यामुळे दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा करतात, तशा आमच्या घरात एकही नव्हत्या.

धाकटीला पोलीस व्हायचं होतं. हे वेड तिला चारोटीच्या नाक्यावर लागलं. आम्ही कासा गावच्या बाजारातून परत येत होतो आणि नाक्यावर गाड्यांची ही गर्दी तुंबलेली. तिथे एक पोलीस बाई उभी होती. तिने नुसता हात वर केला आणि गुजरातकडून येणारा भलामोठा ट्रक फुस्स करत जागच्या जागी थांबला. माझी बहीण तेव्हा असेल आठवीत. आमची जीप निघून पार पुढे आली तरी ती मान वळवून मागेच पाहत होती. त्या दिवसापासून ती पहाटे उठून रस्त्याने पळायला लागली. गोळाफेकीच्या सरावासाठी तिने ओढ्यातला एक गोल दगड आणून ठेवला होता. पळणं तिला जड नव्हतं, दगडही लांब जायचा. अडचण एकच होती. भरतीला ठरावीक उंची लागते, आणि आमच्या घराण्यात उंचीचा दुष्काळ. शाळेतल्या मुली तिला चिडवायच्या, की ट्रक थांबेल पण ड्रायव्हरला तू दिसायला तर पाहिजेस. ती घरी येऊन आंब्याच्या फांदीला लोंबकळत बसायची, लोंबकळलं की माणूस लांबतो म्हणून. आई खाली उभी राहून वर पाहायची.

ती दहावीत गेली तेव्हा मी डहाणूला शेवटच्या वर्षाला होते. सकाळी जीपने तलासरी, तिथून एसटी. आता माझ्याकडे स्कूटी आहे, वाटेत कुठे थांबावं लागत नाही, पण त्या एसटीच्या खिडकीची मला अजून आठवण येते. डोंगराकडचा सागाचा पाला मागे पडायचा, मग हळूहळू चिकूच्या वाड्या सुरू व्हायच्या, आणि डहाणू जवळ आलं की सुक्या बोंबलाचा वास गाडीत शिरायचा. बाहेरगावचे प्रवासी नाकाला रुमाल लावायचे. मला मात्र त्या वासाने भूक लागायची. कॉलेजात माझी एकच जिवाभावाची मैत्रीण होती, डहाणूजवळच्या समुद्राकाठच्या आगर गावची. तिच्या घरची चिकूची वाडी होती, थोडी भातशेती, भाजीपाला. हंगामात माझी आई तशाच वाड्यांवर चिकू काढायला जायची, हे मी तिला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, मग तुझ्या आईने काढलेले चिकू मी खाल्ले असणार. विषय तिथेच संपला आणि मैत्री सुरू झाली.

आमच्या सरांनी त्या वर्षी प्रकल्प दिला: स्वतः आकडे गोळा करा, रेषा काढा आणि तिच्या चढाचा अर्थ सांगा. बाकीच्या मुलांनी अभ्यासाचे तास आणि गुण घेतले, नाहीतर पाऊस आणि भात. मी म्हटलं, आपण आया आणि मुलींच्या उंच्या घेऊ. माझ्या मनात धाकटी होती, हे मैत्रिणीला लगेच कळलं. तिने फक्त विचारलं, उंच्या मोजून तिला वाढवणार आहेस का? मी म्हटलं, निदान कळेल तरी.

बाबांनी एक सरळ बांबू तासून दिला आणि त्यावर शिंप्याची टेप चुका मारून बसवली. सरांचे नियम कडक होते. पाय उघडे, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर, डोक्यावर सपाट पट्टी, आणि मुलगी वाढ पुरी झालेली, लग्नाच्या वयाची तरी हवी. नियम सांगणं सोपं. आठवड्याच्या बाजारात आम्ही बांबू घेऊन उभ्या राहिलो, तर अर्ध्या बायकांना वाटलं सरकारी योजना आली. एकीने विचारलं, की ठेंगण्यांना जास्त धान्य मिळणार का उंचांना. दुसरी अंबाडा सोडायला तयार होईना, कारण त्यात तिने सकाळीच अबोली माळली होती. आगरला वेगळाच थाट. तिथल्या काकूंनी आधी आम्हाला बसवून नारळाचं पाणी पाजलं, मग सासूबाईंची परवानगी घेतली आणि मग माप दिलं. एका घरी आई आणि मुलीत कोण उंच यावरून जुना वाद होता. आमच्या पट्टीने तो मिटवला आणि हरलेली आई आमच्यावरच रुसली. मला इतकं हसू आलं होतं, की मैत्रिणीला बांबू एकटीने धरावा लागला. शिक्षण म्हटलं की मला अजून तेच दिवस आठवतात, वर्ग नाही.

मोठ्या आलेख कागदावर आम्ही ठिपके मांडले. आडव्या बाजूला आईची उंची, उभ्या बाजूला मुलीची. मैत्रिणीने समुद्राकडच्या घरांना निळं पेन वापरलं, मी आमच्याकडच्या घरांना लाल. कागद भरल्यावर आम्ही तो भिंतीला लावून लांबून पाहिला. निळे ठिपके बहुतेक वर उजवीकडे, लाल बहुतेक खाली डावीकडे. हे रक्ताचं आहे की ताटातल्या अन्नाचं, हे रेषा सांगणार नाही, असं सर म्हणाले. मला ते ऐकून राग आला. सरांचा नव्हे, त्या कागदाचा. माझ्या आईने लहानपणी काय खाल्लं आणि किती दिवस काहीच खाल्लं नाही, ते मला माहीत होतं.

मग रेषा काढली. चढ जवळजवळ अर्धा आला. म्हणजे एकीपेक्षा दुसरी आई एक बोट उंच असली, तर त्यांच्या मुलींमध्ये सरासरी अर्ध्या बोटाचा फरक. बोटांत मोजा की सेंटिमीटरमध्ये, दोन्हीकडे माप एकच असल्याने अर्धा तो अर्धाच राहतो, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यावरच माझा जीव जडला. चढ एकाहून कमी असल्यामुळे फार उंच आयांच्या मुली आयांइतक्या उंच निघत नव्हत्या, आणि फार ठेंगण्या आयांच्या मुली आयांपेक्षा थोड्या वर सरकलेल्या होत्या. मला तर ही बातमी कधी एकदा घरी नेऊन सांगते असं झालं.

घरी कागद जमिनीवर पसरला. धाकटी पोटावर झोपून ठिपके बघायला लागली. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथूनच तिने विचारलं, ही तिरकी रेघ काय सांगते. मी कॉलेजात सगळे म्हणायचे तसंच, एका दमात म्हणाले, की आई एकाने वाढली की मुलगी अर्ध्याने वाढते. आईचा हात थांबला. तिने परत विचारलं, म्हणजे आईवर आहे का सगळं? मी म्हटलं, बरंचसं. तिने भाकरी उलटली. ती म्हणाली, मंग माझं माप पण घे. उद्या घे पण, आज मी दमलीय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर आई ठेवणीतली साडी नेसून तयार. रोजचं लुगडं गुडघ्यापर्यंत, पण त्या दिवशी तिने पेटीतली लग्नासमारंभाची गोल साडी काढली होती. आम्ही दोघींनी तिला चिडवलं, की माप घेणार आहोत, फोटो नाही. ती हसली आणि मधल्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. धाकटीने बांबू धरला, मी स्टुलावर चढून डोक्यावर पट्टी टेकवली. आई श्वास रोखून समोर पाहत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच उंच भरली. मी बाबांना म्हटलंसुद्धा, की तुम्ही उगीच इतकी वर्षं तिची टिंगल केलीत.

मी तिच्या उंचीवर पेन्सिल ठेवली, सरळ वर रेषेपर्यंत नेली, तिथून डावीकडे वळवली. भरतीला लागणारी उंची, आणि वर केसभर. धाकटीने किंकाळी फोडली आणि आईच्या गळ्यात पडली. बाबांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, जणू उंची त्यात गुंडाळून ठेवली होती. मी तेव्हा सांगायला हवं होतं, की ही तेवढ्या उंचीच्या आयांच्या मुलींची सरासरी आहे, एखादी वर जाते, एखादी खाली राहते, आणि रेषा कोणाला वचन देत नसते. काहीतरी पुटपुटले असेनही. पण घरात इतका आनंद झाला होता, की त्यात सरासरी हा शब्द कोणाला ऐकू जाणार!

पुढची तीन वर्षं आमच्या घराची खरी चांगली वर्षं होती. मी एम.एस्सी. संपवून डहाणूलाच तासिकेवर शिकवायला लागले होते. धाकटी पळत होती. आईने तर चंगच बांधला. दोन कोंबड्या होत्या, त्यांच्या चार केल्या आणि अंडं आलं की ते धाकटीचं. वाडीवरून येताना ती सुका जवळा आणायची, नाचणीची भाकरी करायची, आणि स्वतःच्या ताटातला तुकडा तिच्या ताटात सरकवताना म्हणायची, की मला आता काय वाढायचंय. फांदीला लोंबकळणं धाकटीने सोडून दिलं होतं. रेषेने सांगितलंय म्हटल्यावर आंब्याची काय गरज? बारावीला ती माझ्यापेक्षा उंच झाली. मी भरतीच्या आधी एकदा म्हटलं, की चल, मोजून घेऊ. आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही.

भरतीला मी तिच्याबरोबर पालघरला गेले. मैदानाबाहेर आईबापांची, भावांची गर्दी. कोणी पिशवीतून केळी काढून देत होतं, कोणी बुटांची नाडी बांधून देत होतं. धाकटीने माझ्याकडे चप्पल आणि ओढणी दिली आणि आत गेली. मला वाटलं होतं आता दुपार होईल. पण आत पहिलं माप उंचीचंच होतं. मी कलिंगडाची फोड घेऊन सावली शोधत होते, तेवढ्यात ती फाटकातून बाहेर येताना दिसली. चालण्यावरूनच कळलं. तिने दोन बोटं एकमेकांजवळ आणून मध्ये जेवढी फट राहते तेवढं दाखवलं. अर्धं बोट. तिला एक पाऊलसुद्धा पळू दिलं नव्हतं.

मनोरवरून हायवेने आम्ही परत निघालो. चारोटीला उतरून तलासरीची जीप पकडायची होती. नाक्यावर त्या दिवशीही एक पोलीस बाई उभी होती, ती पहिली नव्हे, दुसरीच. धाकटीने टपरीकडे तोंड फिरवलं आणि जीप भरेपर्यंत ती भिंतीवरच्या वेफरच्या जाहिरातीकडे पाहत राहिली. पुढे दोन वर्षांनी ती जंगल खात्यात लागली, तिथे उंचीची अट कमी होती, आणि आज ती माझ्यापेक्षा जास्त रुबाबात वावरते. पण ते पुढचं. त्या दिवशी आम्हा दोघींना वाटलं होतं की सगळं संपलं.

आई अंगणात वाट पाहत होती. धाकटी आत जाऊन कुडाला टेकून बसली. मीच बाबांना सांगितलं, की उंचीत अडलं. अर्धं बोट कमी पडलं. बाबा म्हणाले, असूं दे, दुसरं काही बघू. आई मात्र मधल्या खांबापाशी मटकन खाली बसली आणि म्हणाली,

"माझंच चुकलं. मी टाचा उचलल्या होत्या."

आम्हाला काही कळेना. तिने खांबाकडे हात केला. मग म्हणाली, "तूच सांगलं ना, आई एक वाढली तर पोर अर्धी वाढते. मंग मी वाढली. साडीच्या आत कोणाला दिसतं? पण खोटं वाढणं देवाला चाललं नाय. पोरीला ते लागलंच नाय."

ती तीन वर्षं हे मनात घेऊन जगली होती. पट्टी डोक्यावर टेकली तेव्हा चवड्यांवर उभी राहून, श्वास रोखून, ती आपल्या परीने पोरीला अर्ध्या हिश्शाने वर ढकलत होती. मला आधी हसू आलं आणि मग असं रडू कोसळलं की बोलता येईना. सरांनी, पुस्तकाने, मी, सगळ्यांनी जे वाक्य उगाच बोलून टाकलं होतं, ते जगात एकाच माणसाने मनापासून खरं मानलं होतं.

मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यांदा तो चढ नीट सांगितला. म्हटलं, ही रेघ एका आईच्या वाढण्याबद्दल बोलतच नाही. ती दोन वेगवेगळ्या आयांकडे पाहते. एक जरा उंच, एक जरा ठेंगणी. त्यांच्या मुलींमध्ये सरासरी अर्धा फरक पडतो, एवढंच ती सांगते. तू टाचा उचलल्यास म्हणून धाकटी वाढणार नव्हती, आणि तू खोटं मोजून घेतलंस म्हणून ती खुंटलीही नाही. तुझ्या टाचांचा तिच्या उंचीशी काही संबंध नाही. आई ऐकत होती, पण तिला ते पटलेलं दिसत नव्हतं. आपण पोरीचं वाटोळं केलं, यावर ती ठाम होती.

धाकटी उठली, माळ्यावरून तो बांबू काढला, त्याच्यावरचं जाळं पुसलं आणि आईला म्हणाली, "ऊठ."

आई नको नको म्हणत उठली. अंगावर रोजचंच लुगडं होतं. धाकटीने तिला खांबाला टेकवून उभं केलं आणि स्वतः खाली बसून तिची दोन्ही पावलं आपल्या हातांनी जमिनीशी दाबून धरली. तिच्या टाचांच्या भेगांतला चिखल धाकटीच्या बोटांना लागला होता. मी पट्टी टेकवली. आई खूपच ठेंगणी होती. बाबा इतकी वर्षं म्हणत होते तेवढीच.

मी तो जुना कागद काढला. धाकटीच्या आजच्या मापाचा ठिपका आधी आईच्या खोट्या उंचीवर मांडला. तो रेषेच्या खाली पडला, आणि आईने मान फिरवली. मग मी तो खोडला आणि डावीकडे, आईच्या खऱ्या उंचीवर सरकवला. धाकटीची उंची होती तेवढीच ठेवली. आईएवढ्या ठेंगण्या दोन-तीन आया आमच्या ठिपक्यांत होत्याच, म्हणून रेषेला तिथवर बोलायचा हक्क होता. तिथे रेषा बरीच खाली उतरली होती. नवा ठिपका तिच्या वर आला. थोडाथोडका नव्हे, चांगला वर, आसपासच्या लाल ठिपक्यांत सगळ्यात वर.

आईने विचारलं, "वर म्हणजे काय?"

मी सांगितलं, की तुझ्याएवढ्या आयांच्या पोरी सरासरी इथवर येतात. रेघेवर बोट ठेवलं. आणि तुझी पोर इथे. बोट वर नेलं. हे मधलं अंतर रेघेचं नाही. ते कशाने आलं, हे कागदाला ठाऊक नाही.

"अंड्यांनी," धाकटी म्हणाली. ती अजून आईच्या पायांपाशीच बसली होती.

आई कागदावर ओणवी झाली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ आणि ठिपका यांच्यामधली ती पांढरी फट तिला दिसत होती. तिने त्यावरून बोट फिरवलं, खालून वर, परत खालून वर. मग तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, की ठिपका डावीकडे नेला तशी रेघ खाली गेली ना. मी म्हटलं, हो.

"मंग मला अजून जरा ठेंगणी कर," ती म्हणाली. "पोर अजून वर दिसेल."